लेक्सिंग्टनहून काकांना, आउझली काउंटीच्या आकड्यांबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानले तर तुम्ही अंगठा पाठवून मोकळे व्हाल, म्हणून चारचौघांत लिहिते. शिवाय इथे आरोग्य, शाळा, अनुदानं असल्या कामांत आपली बरीच मंडळी आहेत आणि काउंटीचे आकडे त्यांच्याही राशीला लागलेले असतात.

आमच्या संस्थेला अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या आउझली काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) अहवाल करायचा होता. वस्ती जेमतेम चार हजार; पूर्वी तंबाखूची शेती होती, आता हातातोंडाची गाठ. साहेबांना एकच रेघ हवी होती: १९८९ पासून आजवर घरटी मीडियन उत्पन्न (निम्मी घरं ज्याच्या खाली, निम्मी वर, तो मधला आकडा) कसं वाढलं. आकडे फुकट मिळतात, रेघ पाच मिनिटांत निघते. तुम्ही खिशातली पेन्सिल काढून त्या रेघेला २००५ पाशी आडवा छेद दिलात. "अगं, इथे तराजू बदललाय."

मग तासभर तुम्ही जे सांगितलंत ते मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. २००० च्या जनगणनेत देशभरात सरासरी दर सहा घरांमागे एका घराला लांबलचक फॉर्म गेला. त्यात १९९९ चं उत्पन्न विचारलं होतं. आउझलीचं मीडियन निघालं १५,८०५ डॉलर. केंटकीचं ३३,६७२, देशाचं ४१,९९४. तो फॉर्म नंतर बंद झाला आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे दरवर्षी काही घरांची पाहणी, आला. पण त्याचा एका वर्षाचा आकडा मिळतो ६५ हजारांच्या वर वस्ती असलेल्या भागांना. आउझलीसारख्यांना पाच वर्षांची मोट बांधून एक आकडा. तरीही दर वर्षाचा आकडा छापून येतो, कारण जनगणना कार्यालय तो गणिताने बसवतं: थोड्याशा घरांची पाहणी एकीकडे, प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि जुन्या जनगणनेचा आकडा असल्या नोंदींवरून काढलेला अंदाज दुसरीकडे, आणि पाहणी जितकी डळमळीत तितकं त्या अंदाजाला वजन जास्त. फे आणि हेरिअट या दोघांनी १९७९ साली छोट्या गावांसाठी मांडलेली हीच युक्ती. त्यातली पाहणीची बाजू २००५ पासून बदलून कम्युनिटी सर्व्हेची झाली. त्याआधी वेगळी पाहणी वापरत. तेव्हा त्या जागची उडी लोकांच्या खिशातली किती आणि मोजणीतली किती, हे नुसत्या रेघेकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

महागाईचंही तसंच. १९९९ चे १५,८०५ म्हणजे २०१९ च्या भावात साधारण २४ हजार. हे गणित न करता 'उत्पन्न वाढलं' म्हणणं म्हणजे शुद्ध धूळफेक. (हे तुमचे शब्द. मी साहेबांना जरा सौम्य करून सांगितले.)

सगळ्यात उपयोगी पडलं ते शेजारच्या काउंट्यांचं. आउझली, ली आणि ब्रेथिट मिळून एक आकडा द्या, अशी मागणी आली तेव्हा सगळ्यांनी तीन मीडियनची सरासरी काढायची तयारी केली होती. तुम्ही ती होऊ दिली नाहीत. सर्व्हेच्या तक्त्यात घरांचे उत्पन्नाप्रमाणे सोळा गट असतात. तिन्ही काउंट्यांची घरं गटागटाने बेरजेला लावली, खालून मोजत निम्म्या घरांपर्यंत आलो आणि तो मधला गट सापडल्यावर त्याच्या आत किती सरकायचं ते त्रैराशिकाने काढलं. तुमच्या जेवणाच्या टेबलावर, पाठकोऱ्या कागदावर. काकूंनी दोनदा ताटं मांडायला सांगितलं, दोनदा आपण ऐकलं नाही. त्यांचीही माफी मागते.

आणि फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत! या सगळ्या उत्पन्नात रोख पैसाच धरतात, त्यामुळे अर्धं किराणा सामान ज्यावर येतं ते यात कुठेच दिसत नाही. सोशल सिक्युरिटीची सरकारी पेन्शन दिसते, हे नाही. हे वाक्य मी अहवालात तिसऱ्याच पानावर टाकलं आणि कुणालाही खोडू दिलं नाही.

तुम्ही तरुणपणी सातारा-सांगलीकडे नमुना पाहणीसाठी गावोगाव फिरलात, ते बोलता बोलता निघालं. "आपल्याकडे मिळकत विचारली की माणूस आभाळाकडे बघतो. खर्च विचारला की बायको पैन् पै सांगते." आपल्या जनगणनेत उत्पन्नाचा रकाना नाही आणि नमुना पाहणी खर्चावर बेतलेली, याचं कारण मला त्या एका वाक्यात कळलं. इथे लोक फॉर्मवर आकडा लिहितात तरी. खरा किती, ते बघायला तुमच्यासारखाच माणूस लागतो.

साहेबांना रेघ मिळाली, पण तुटक. २००५ ला खंड, दोन्ही बाजूंना आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणारी पट्टी, आणि पाच-पाच वर्षांचे आकडे घेतले तेही एकमेकांवर न चढणारे. साहेब कुरकुरले. अनुदानवाल्यांनी मात्र त्या खंडाबद्दलच सर्वाधिक प्रश्न विचारले आणि सगळ्यांची उत्तरं माझ्याजवळ होती, ती तुमच्यामुळे.

अहवालाची छापील प्रत पोस्टाने पाठवली आहे. पेन्सिल घेऊनच वाचा. आता शाळांच्या निधीसाठी त्याच आकड्यांवर गरिबीचा हिशेब करायचा आहे, तेव्हा पुढच्या महिन्यात पुन्हा येते. या खेपेला आधी जेवू, मग कागद.

तुमची,
लेक्सिंग्टनची पुतणी