रिपोर्टमधली शेवटची ओळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पेशीविभाजनावरचा लेख वाचला. विषय सोपा करून सांगितलाय, चित्रंही आकर्षक आहेत (चित्राबद्दल शेवटी ता.क. पाहावा). पण ‘नक्कल करताना राहिलेल्या चुका काही प्रथिने नंतर दुरुस्त करतात’ एवढं एक वाक्य टाकून लेखक पुढे निघून गेले आणि मी तिथेच अडकले. त्या ‘काही प्रथिनां’शी माझी बरीच वर्षं रोजची गाठ होती. परळच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या हिस्टोपॅथॉलॉजी (शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या) लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. आता निवृत्त आहे.

आधी थोडा हिशेब. आईकडची आणि वडिलांकडची मिळून आपल्या एका पेशीत डीएनएच्या अक्षरांच्या सुमारे ६४० कोटी जोड्या असतात. ए समोर टी, जी समोर सी. पेशी दुभंगण्याआधी हे सगळं सात-आठ तासांत उतरवून काढावं लागतं. उतरवणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. लाखात एखादं अक्षर ते चुकतं, आणि बहुतेक वेळा लगेच मागे येऊन स्वतःच खोडतं. तरी साधारण कोटीत एक चूक राहतेच, म्हणजे एका विभाजनामागे सहाशेच्या वर. नंतर दुरुस्तीवाल्या प्रथिनांचा हात फिरला की त्या पाच-सहावर येतात.

आता खरी मेख. जी समोर सी ऐवजी टी येऊन बसला. दोन्ही अक्षरं आपापल्या परीने धडधाकट, कुठे काही तुटलेलं नाही. फक्त जोडी जुळत नाही. मग जी बरोबर की टी? ओळखताना गफलत झाली तर चूक तशीच पक्की होऊन पुढच्या प्रत्येक नकलेत जाणार. नुसतं ‘दुरुस्त करतात’ म्हणून भागत नाही, ते यासाठी.

माझे वडील लालबागच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तपासून झालेल्या ताग्यावर गिरणीचा शिक्का बसायचा. शिक्का नाही म्हणजे माल ताजा, अजून नजरेखालून जायचा आहे. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूकडे अगदी हीच युक्ती आहे. जी-ए-टी-सी अशी अक्षरं लागोपाठ येतात, तिथल्या ए वर तो मिथाइलचा शिक्का मारतो. नक्कल झालेल्या डीएनएत एक धागा जुना आणि एक नवा. जुन्या धाग्यावर तो शिक्का असतो. नव्या धाग्यावर बसायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात म्यूटएस हे प्रथिन न जुळणारी जोडी हुडकतं आणि म्यूटएलला बोलावतं. मग म्यूटएच जवळचा जी-ए-टी-सी गाठून बिनशिक्क्याचा धागा कापतं. कापापासून चुकीच्या अक्षराच्या पलीकडेपर्यंतचा सगळा तुकडा काढून टाकला जातो, कधी कधी हजारभर अक्षरांचा. एका टाक्यासाठी अख्खी शिवण उसवायची! मग पॉलिमरेज तो भाग पुन्हा विणतं आणि लायगेज टोकं सांधतं. ही सगळी यंत्रणा शुद्ध केलेली प्रथिनं घेऊन परीक्षानळीत चालवून दाखवली पॉल मॉड्रिच यांच्या गटाने, १९८९ मध्ये. २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टॉमस लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्याबरोबर मिळालं, ते याच कामासाठी.

माणसात हा शिक्का नाही, म्यूटएचही नाही. नव्या धाग्यात नैसर्गिकपणे राहिलेल्या फटी, आणि नक्कल करताना डीएनएवर चढलेली पीसीएनए नावाची कडी कुठल्या बाजूला तोंड करून आहे, यावरून नवा धागा ओळखला जातो. चूक शोधते एमएसएच२ आणि एमएसएच६ यांची जोडी, धागा कापते एमएलएच१ आणि पीएमएस२ यांची. ही चार नावं कृपया लक्षात ठेवा. या पत्राचा पुढचा भाग त्यांच्यासाठीच लिहिलाय.

आमच्या लॅबमध्ये मोठ्या आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आला की डॉक्टर ही चार प्रथिनं तपासायला सांगत. त्याचा मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचा काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, सुरकुती न पडू देता स्लाइडवर उचलायचा. स्टेन, म्हणजे रंग देऊन झाल्यावर प्रथिन जिथे आहे तिथली केंद्रकं तपकिरी दिसतात, नसेल तिथे निळी राहतात. गाठीच्या पेशी निळ्याशार आणि त्यांच्यातच अडकलेल्या रक्तातल्या साध्या पांढऱ्या पेशी मात्र तपकिरी, असं दिसलं की समजायचं, स्टेनिंग बिघडलेलं नाही, प्रथिनच गायब आहे. गायब होतात तीही बहुधा जोडीने. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ टिकत नाही, एमएलएच१ गेलं की पीएमएस२ टिकत नाही. लॅबमध्ये आम्ही म्हणायचो, नवरा-बायको गेले.

अशा शेकडो स्लाइड मी केल्या. आणि आठ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या दिरांचं, भाऊजींचं, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा (दुसऱ्या हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही) त्यांचा रिपोर्ट मी पाहिलासुद्धा नाही. वय ४६. गाठ पूर्ण निघाली, सगळे सुटलो म्हणालो, फाइल कपाटात गेली. तीन वर्षांनी वन्संना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, ५१व्या वर्षी. वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सहज विचारलं, “घरात आणखी कोणाला?” त्या रात्री भाऊजींकडे जाऊन मी फाइल काढली. शेवटच्या पानावर, सहीच्या वर एक ओळ होती: एमएसएच२ आणि एमएसएच६ आढळत नाहीत, जनुकीय समुपदेशन घ्यावं. तीन वर्षं ती ओळ तिथेच होती. घरी कोणी ती समजावून सांगितली नव्हती, आणि ज्या बाईला ती कळली असती तिने फाइल उघडली नव्हती.

याला लिंच सिंड्रोम म्हणतात. दुरुस्तीच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी चांगली असते तोवर काम चालतं. एखाद्या पेशीत तीही गेली की तिथली दुरुस्ती बंद आणि चुकांचा ढीग. विशेषतः एकच अक्षर आठ-दहा वेळा लागोपाठ येतं तिथे. जपमाळ ओढताना मणी सुटावा तसं पॉलिमरेज तिथे मोजायला चुकतं. आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला ही प्रत येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी.

१८९५ मध्ये अमेरिकेत डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांची कपडे शिवणारी बाई त्यांना म्हणाली होती, आमच्या घरात सगळे याच रोगाने जातात, मीही जाईन. ती गेलीही, गर्भाशयाच्या कॅन्सरने. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची माहिती जमवून १९१३ मध्ये छापली. तिच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. आपल्या हातात आहे. ज्यांच्याकडे बिघडलेली प्रत आहे त्यांनी साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) केली तर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब, कॅन्सरची गाठ होण्याआधीच निघतो. आणि रोग झालाच, तर ही ओळ औषध ठरवायलाही लागते. चुकांनी भरलेली गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी दिसते, म्हणून अशा रुग्णांना इम्युनोथेरपी चांगली लागू पडते. २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध, गाठ कुठल्या अवयवाची आहे हे न बघता, केवळ या दोषावर मंजूर झालं. किमतीबद्दल न बोललेलं बरं.

उगाच घाबरून जाऊ नये म्हणून सांगते. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरांपैकी पंधराएक गाठींत ही प्रथिनं नसतात, पण त्यातले लिंचचे तीनच. बाकीच्यांत बहुधा उतारवयात त्या गाठीपुरतं एमएलएच१ बंद पडलेलं असतं, ते मुलाबाळांकडे जात नाही. कुठलं कुठलं, हे पुढच्या तपासणीत कळतं. पण त्यासाठी कोणीतरी ती ओळ वाचायला हवी.

आमच्या यजमानांच्या रक्ताची तपासणी केली. बिघाड आहे. दरवर्षी कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी ते जुलाबाचं औषध नाक दाबून पितात, मला आणि डॉक्टरांना बोल लावतात, आणि जाऊन येतात. दोन वर्षांपूर्वी एक पॉलिप निघाला. मुलगी २४ वर्षांची आहे. तपासणी करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल. परवा स्थळं बघताना म्हणाली, “आई, पत्रिकेत गण-नाडीच्या खाली एमएसएच२ पण लिहायचं का?” तिच्या आत्याला हसू आलं, मला नाही आलं.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या पुरवणीत कोपऱ्यात एवढी चौकट द्याल का? मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्यांच्या घरच्यांनी जुनी फाइल काढून ही चार नावं शोधावीत, आणि तपासणी झालेलीच नसेल तर डॉक्टरांना विचारावं. पॅराफिनचे (मेणाचे) ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात. जपून ठेवलेले असतील तर जुन्या ब्लॉकवरही ती होते.

आपली,
एक जुनी वाचक, लालबाग, मुंबई
(नाव छापू नये. कारण वर आलंच आहे.)

ता.क. : लेखासोबतच्या चित्रात डीएनएचा पीळ डावीकडे वळलेला आहे. पेशीत तो बहुतेक सगळा उजवा असतो, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा. चित्र उलटं छापलं गेलं असावं.