न्हाणीच्या कामाबद्दल आई-बाबांस पत्र

अमरावती,
दि. १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संक्रांतीला आले होते तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा वावरात गेलेले आणि आई तूर निवडत बसलेली असताना, मी न्हाणीची आणि तिला लागून असलेल्या संडासाची मापे टेपने घेतली. तेव्हा तुम्हाला काही बोलले नाही, कारण समोरासमोर विषय काढला की बाबा "आता आमचे किती दिवस राहिले" असे म्हणतात, आई चहा ठेवायला उठते आणि बोलणे तिथेच संपते. म्हणून हे सारे लिहून कळवत आहे. पत्र सावकाश वाचावे आणि बाबांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवावे, एवढी विनंती आहे.

मापे घेताना न्हाणीच्या भिंतीवर मला एक डाग दिसला. दारातून आत पाऊल टाकले की उजव्या हाताला, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग आहे आणि त्याच्याखाली चार बोटे घासत गेल्यासारख्या रेघा आहेत. तो जमिनीपासून बरोबर ३१ इंचांवर आहे. बाबा, आत उतरताना तुम्ही रोज तिथेच हात टेकवता. दुसरा डाग लहान आहे, नळाच्या जरा वर, आणि तिथली तोटी भिंतीत हलू लागली आहे. आई दगडावरून उठताना त्या तोटीचा आधार घेते, हे मला तोटी हातात धरून पाहिल्यावर कळले. आपल्या घरात दोन माणसे रोज सकाळी आधार शोधतात आणि तिथे त्यांना एक उघडी भिंत आणि एक प्लॅस्टिकची तोटी सापडते, ही गोष्ट तेव्हापासून मला चैन पडू देत नाही.

भाद्रपदात आई परसातल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरली, मनगट सुजले, आणि तिने हळदीचा लेप लावून ते पंधरा दिवस झाकून ठेवले. मला ते काकूंकडून कळले. आई, मी तुझ्यावर रागावलेली नाही, पण या वयात बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि पुढच्या वेळी मनगटाऐवजी खुबा दुखावला, तर ते लेपाने भागणारे दुखणे नाही. खुब्याचे हाड मोडले की बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुढे कित्येक महिने माणूस दुसऱ्यांवर अवलंबून राहतो. ज्या कामाचा खर्च आपण आज करू शकतो, ते तोवर थांबवून ठेवणे मला पटत नाही.

आता काम कसे करायचे ते सांगते. न्हाणी ५ बाय ४ फुटांची आहे आणि स्वच्छ भारत अभियानातून मिळालेल्या १२,००० रुपयांच्या अनुदानावर आपण २०१७ साली बांधलेला संडास ३ बाय ४ फुटांचा आहे. दोघांच्या मधली साडेचार इंची भिंत काढली की ८ बाय ४ फुटांची एक खोली मिळते. वरचे टिनाचे छप्पर बाहेरच्या भिंतींवर टेकलेले आहे, मधल्या भिंतीवर त्याचा भार नाही. तरीही मिस्त्रीने समक्ष पाहून सांगितल्याशिवाय तिला हातोडा लावायचा नाही. त्या भिंतीच्या ज्या विटा निघतील, त्यांचाच आत बसून आंघोळ करण्यासाठी १७ इंच उंचीचा पक्का ओटा बांधायचा. प्लॅस्टिकचे स्टूल साबणाच्या पाण्यावर सरकते, बांधलेला ओटा सरकत नाही.

संडासाच्या जागी कमोड बसवायचा, यावर तुम्हा दोघांच्याही मनात अडचण आहे, हे मला माहीत आहे. बाबा म्हणतात की उकिडवे बसल्याशिवाय पोट साफ होत नाही. त्यासाठी कमोडपुढे सहा इंच उंचीचा लाकडी पाट ठेवता येतो. त्यावर पाय ठेवले की गुडघे वर येतात आणि उकिडवे बसल्यासारखेच होते. काम झाले की पाट बाजूला सरकवून ठेवायचा, म्हणजे तो पायात येत नाही. पण तुमचा उजवा गुडघा आता पूर्ण वाकत नाही, आणि उकिडवे बसून उठताना तुम्ही दाराची कडी धरता, हे मी पाहिले आहे. खुर्चीवर बसल्यावर जमिनीपासून तुमच्या गुडघ्याची उंची साडेसतरा इंच भरली, म्हणून कमोडची बैठकही तेवढ्याच उंचीची घ्यायची आहे. दुकानात सर्रास मिळणारे पंधरा-सोळा इंचांचे कमोड तुम्हाला ठेंगणे पडतील.

आई, आंघोळीच्या जागी संडास नको, हे तुझे म्हणणे मी बाजूला टाकलेले नाही. कमोड पार दुसऱ्या टोकाला राहील आणि फरशीचा उतार तिथून आंघोळीच्या बाजूला, दर चार फुटांना एक इंच असा दिला जाईल, म्हणजे आंघोळीचे पाणी कमोडच्या कोपऱ्याकडे जाणार नाही. मध्ये एक पडदा लावू. तुझा धुण्याचा दगड बाहेर नळापाशी हलवू. तो फोडायचा नाही, हे मी मिस्त्रीला आधीच सांगून ठेवले आहे.

पाण्याचा विचार मला सर्वांत जास्त करावा लागला. आपली जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात फुगते आणि पाणी लवकर जिरवत नाही. सध्याच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते, कमोडच्या टाकीतून एका वेळी सहा लिटर जाते. म्हणून दोन बटणांची टाकी घ्यायची, जिच्यात लहान बटणाला तीनच लिटर पाणी सुटते. आणि आंघोळीचे पाणी कुठल्याही परिस्थितीत संडासाच्या शोषखड्ड्यात सोडायचे नाही. ते वेगळ्या पाइपने केळीच्या आळ्यात न्यायचे. २०१७ पासून दोनपैकी एकच खड्डा चालू आहे, तेव्हा याच कामात चेंबर उघडून प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवून घेऊ. पहिला खड्डा दोन वर्षे बंद राहिला की त्यातल्या मैल्याचे खत होते आणि मग तो निर्धास्तपणे उपसता येतो.

आपल्या खारपाणपट्ट्याचे पाणी लोखंडाला टिकू देत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. मोटारीचा पाइप किती वेळा बदलला, ते आठवून पाहा. म्हणून आत लोखंडी पाइप एकही नको, सगळे सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे. हाताला धरायचे दांडेही ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच, मुठीत नीट मावतील अशा सव्वा इंच जाडीचे घ्यायचे. असे तीन दांडे लागतील: एक दारातून आत आल्यावर, एक ओट्यापाशी आणि एक कमोडच्या बाजूला. पहिला बरोबर त्या डागावर, ३१ इंचांवर बसेल. दांडा नुसत्या गिलाव्यात बसवला तर एखाद्या दिवशी माणसाच्या वजनासकट हातात येतो. तो विटेपर्यंत जाणाऱ्या स्क्रूने बसवायचा आणि जिथे भिंत साडेचार इंचीच आहे, तिथे पलीकडून पत्रा लावून आरपार बोल्टने आवळायचा. रबराच्या वाटीने भिंतीला चिकटणारे दांडे दिसायला सोयीचे वाटतात, पण मी तुमचे वजन त्यांच्या भरवशावर सोडणार नाही.

बाबा, तुम्हाला लग्नात पाहिलेल्या चुलतभावाच्या न्हाणीसारखी चकचकीत टाइल आवडली होती. ती ९० रुपये फूट आहे आणि ओली झाली की काचेसारखी होते. आपण जमिनीला एक फुटी, खडबडीत, अँटी-स्किड टाइल घेऊ. दर्यापूरच्या बाजारात ती ४० रुपयांच्या आसपास मिळते. रंग करडा घेऊ, म्हणजे पांढरा कमोड आणि पांढरा ओटा त्यावर उठून दिसतील. तुमच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे आणि पांढऱ्या जमिनीवर पांढरा ओटा कुठे संपतो, ते अंधूक उजेडात कळत नाही. भिंतींना टाइल चार फुटांपर्यंतच लावू, वर चुना राहील. टाइलवर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसतोच, पण तो काढायला बाटलीतले ॲसिड वापरू नका; ते सांध्यांतले सिमेंट खाते आणि त्याची वाफ छातीत जाते. सायट्रिक ॲसिडची पूड पाण्यात मिसळून घासले की भागते.

दार आतून ढकलल्यावर बाहेर उघडेल असे हवे. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या माणसाच्या अंगामुळे ते उघडताच येत नाही. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी लावू. सध्याचा २४ इंचांचा दरवाजा ३० इंचांचा करू आणि उंच उंबरठा काढून टाकू. स्वयंपाकघराच्या दारापासून न्हाणीपर्यंतच्या वीस पावलांवर तीन फूट रुंद काँक्रीटची पायवाट ओतून घेऊ आणि ती ओली असतानाच तिच्यावर खराटा फिरवू, म्हणजे पावसाळ्यात पाय धरेल. वीज गेल्यावरही चालू राहणारा बॅटरीचा दिवा दोन ठिकाणी लावू.

गिझर मात्र यंदा नको, असे मी ठरवले आहे. खाऱ्या पाण्यात त्याच्या कॉइलवर लवकर थर चढतो, आणि आईला कापसाच्या वाळल्या पराट्यांवर पाणी तापवायची सवय आहे. अडचण पाणी तापवण्याची नाही, कढत पाण्याची बादली उचलून वीस पावले नेण्याची आहे. म्हणून बंब न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला लागून पत्र्याच्या आडोशाखाली ओट्यावर ठेवू आणि त्याच्या तोटीला फूटभर पाइप जोडून तो भिंतीतून आत घेऊ. आईने बाहेर जाळ करायचा आणि आत बसून तोटी उघडायची. ही कल्पना मला सुचली तेव्हा मला खरोखर आनंद झाला, कारण यात आईचे काहीच मोडत नाही.

मिस्त्री आणि त्याचा हेल्पर यांची दहा दिवसांची मजुरी १३,००० रुपये होईल आणि सगळे धरून खर्च ४७,००० रुपयांपर्यंत जाईल. मी ५२,००० रुपये बाजूला काढले आहेत, कारण जुनी फरशी उखडल्यावर खाली काय निघेल, ते आज सांगता येत नाही. निम्मे दादाचे आहेत आणि निम्मे माझे. तिन्ही दांड्यांना मिळून २,१०० रुपये लागतील. पैसे कमी पडले तर भिंतीच्या टाइल पुढच्या वर्षावर टाकू, पण दांडे, खडबडीत फरशी, कमोड आणि दिवा यांत एक रुपयाचीही काटकसर करायची नाही. कापसाच्या आणि तुरीच्या पैशांना तुम्ही हात लावू नका, ते बियाण्याला आणि खताला लागतील. लेकीचे पैसे घ्यायचे नाहीत, असे बाबा म्हणतील. बाबा, माझ्या डी.एड.च्या फीसाठी तुम्ही बैलजोडी विकली होती आणि पुढची दोन वर्षे दुसऱ्याच्या बैलांनी वखरणी केली होती; तेव्हा मी तुम्हाला नको म्हटले नव्हते. आता तुम्हीही मला नको म्हणू नये.

काम फेब्रुवारीतच करायचे आहे. एप्रिलनंतर नळाला पाणी राहत नाही आणि नव्या सिमेंटला आठवडाभर पाणी मारावे लागते. शिवाय लग्नसराई सुरू झाली की मिस्त्री सापडत नाहीत. १० फेब्रुवारीला, सोमवारी, सुरुवात केली तर महाशिवरात्रीच्या आत खोली वापरण्यासारखी होईल. तेवढे दिवस आईने माझ्याकडे राहावे. म्हशीमुळे बाबा येणार नाहीत, हे मी धरूनच चालले आहे. काकांशी बोलून ठेवले आहे, त्यांची न्हाणी आणि संडास तुम्ही निःसंकोच वापरावा.

२६ जानेवारीला शाळेतले झेंडावंदन आटोपून मी दुपारच्या बसने मिस्त्रीला सोबत घेऊन येते. तो मधली भिंत, चेंबर आणि छप्पर पाहून जाईल. तोवर एवढेच करावे की होळीआधी घराला चुना काढायचा म्हणून न्हाणीच्या आत कुंचला फिरवू नये. भिंतीवरचा तो डाग तसाच राहू द्यावा; मिस्त्रीला दांड्याची जागा तिथेच दाखवायची आहे.

तुमची लेक