दोन जीन असले तरी काम एकच नसतं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, माशात एकाच कामाचे दोन दोन जीन असतील तर दुसरा फुकटचाच, तेव्हा लोकल बोगद्यात शिरली आणि बोलणं तुटलं, म्हणून आता नीट लिहितोय. बाहेर पाऊस धो धो आहे, लॅबमध्ये कोणी नाही, वेळ आहे.

बघ, साधारण 32-35 कोटी वर्षांपूर्वी आजच्या बहुतेक हाडाच्या माशांच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळ्या जीनचा संच, डबल झाला. त्यातले बरेच जास्तीचे जीन नंतर गळून गेले, पण काही टिकले, आणि तुझ्या तळ्यातल्या सायप्रिनसमध्ये (कॉमन कार्प) तर नंतर अजून एकदा डबल झालं, म्हणून रोहूची गुणसूत्रं 50 आणि त्याची 100. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी 1970 मध्येच म्हटलं होतं की एक कॉपी जुनं काम सांभाळते, दुसरी मोकळी होते आणि नवीन शिकते. पुढे 1999 मध्ये दुसरा विचार आला, की दोघी जुनंच काम वाटून घेतात. मला हाच जास्त पटतो, एका दुकानावर दोन भाऊ, एक सकाळी बसतो एक रात्री, तसं.

ट्राउट माशाचं बघ. बॅक्टेरियाच्या शेपटीतलं प्रोटीन, म्हणजे फ्लॅजेलिन, ओळखणारा टीएलआर5 हा पहारेकरी प्रोटीन त्याच्यात दोन प्रकारचा आहे. एक पेशीच्या पडद्यात बसलेला, बऱ्याच अवयवांत कायम थोडाफार असतो. दुसरा पडद्याविना, रक्तात सुटा फिरणारा, तो मुख्यतः यकृतात बनतो, आणि पहिल्याने धोक्याची घंटा वाजवली की मग वाढतो आणि उलट पहिल्यालाच जोर देतो! आणि झेब्राफिशमध्ये टीएलआर5च्या दोन कॉपी, ए आणि बी, दोघं जोडीने बसले तरच फ्लॅजेलिन कळतं. आता सांग, फुकटचा कोण?

म्हणून मला राग येतो तो एकच अवयव, एकच वेळ घेऊन "लागण झाली तरी या जीनचं काम वाढत नाही" लिहून मोकळं होणाऱ्यांचा. प्लीहेत काही नाही दिसलं तर यकृतात बघ ना, सहा तासांनी नाही तर दोन दिवसांनी बघ. आणि प्रायमर, म्हणजे मोजायचा जीन पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा! दोन कॉपी इतक्या सारख्या की प्रायमर दोघींना धरतो आणि येणारा आकडा दोघींची बेरीज असते, एक वाढली एक घटली तरी सगळं सपाट. म्हणून मी जीनच्या शेवटाकडचा, प्रोटीन न बनवणारा तुकडा घेतो, तिथे फरक जास्त सापडतो, आणि प्रत्येक रनला मेल्ट कर्व्ह, म्हणजे तयार झालेला डीएनए तापवल्यावर कधी सुटतो त्याचा आलेख, बघतो. एकाच्या जागी दोन उंचवटे दिसले की तो प्रायमर बाद.

आता तुझ्याकडून एक पाहिजे. एरोमोनास या बॅक्टेरियाची लागण वाटली, मासे सुस्त होऊन काठाला आले की लगेच फोन कर, मेल्यावर नको, जीन किती काम करतोय ते ज्यावरून मोजतो तो आरएनए लवकर खराब होतो. यकृत, प्लीहा आणि डोक्यामागचा किडनीचा भाग वेगवेगळ्या बाटल्यांत लागेल, माशांना बोन मॅरो नसतो, रक्तपेशी तिथेच बनतात. बाटल्या आणि सोल्युशन मी कुरिअर करतो.

तुझाच,
वर्सोव्याचा

ता.क. आजारी माशांबरोबर त्याच तळ्यातले धडधाकट मासेही धर, नाहीतर तुलना कशाशी करायची?