प्रश्नावली वाटण्याआधी ओपीडीचे रजिस्टर उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की विद्यापीठे आणि सरकारी रुग्णालये यांच्यात सामंजस्य करार होतात. फोटो निघतो, करार फायलीत जातो. पुढे विद्यार्थी प्रबंधाचा विषय घरूनच ठरवून येतात आणि मनोविकार ओपीडीतल्या सिस्टरच्या हाती आणखी एक चार पानी फॉर्म पडतो.

खरे तर विषय ओपीडीनेच द्यायला हवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मासिक अहवालात नवे रुग्ण किती, जुने किती, हे असते. पण मार्चमध्ये पहिल्यांदा आलेल्यांपैकी एप्रिलमध्ये किती परत आले? रजिस्टर तारखेवार भरले जात असेल, रुग्णवार नसेल, तर याचे उत्तर मिळत नाही. नोंदणी क्रमांक, पहिल्या भेटीची तारीख, तालुका, निदान, किती दिवसांची औषधे दिली, पुढची तारीख, रुग्ण आला का, एवढे सात रकाने पुरतात. ते संशोधन सहायकाने भरावेत, सिस्टरने नव्हे. नावे रुग्णालयाबाहेर जाऊ नयेत. कोणत्या तालुक्यातले रुग्ण गळतात ते तीन-चार महिन्यांत दिसू लागते. गोळ्या संपल्या, एसटीचे भाडे परवडेना, की 'आता बरे आहे' म्हणून घरच्यांनीच औषध थांबवले, हे मात्र रुग्णांना भेटूनच कळेल. त्या मुलाखतींसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार रुग्णाची माहितीपूर्ण संमती लागते.

परवानग्यांतही गाडी हमखास अडते. जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. एकाच सहीवर निघालेला अभ्यास केंद्राच्या दारात थांबतो. त्यातच संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी येईपर्यंत एमएचे एक सत्र सरते, म्हणून विषय आधी ठरवावा, विद्यार्थी नंतर नेमावा.

सर्वांत धोकादायक चूक 'पीएचक्यू-९' या नैराश्याच्या प्रश्नावलीत होते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यावर 'अजिबात नाही' याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर त्याच दिवशी त्या माणसाशी बोलणार कोण? फॉर्म पिशवीत जातो आणि महिन्याभराने डेटा एंट्रीला उघडतो, हे अक्षम्य आहे. जबाबदार डॉक्टरांचे पद आणि फोन करारातच लिहिलेले हवेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रुग्णाला जरूर द्यावा, पण त्याने संशोधकाची जबाबदारी संपत नाही.

असे काम जमते, याचे दाखले जवळचेच आहेत. गोव्यात १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखान्यांत समुपदेशकांमार्फत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत देण्याचा झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा ठळक दिसला तो सरकारी केंद्रांत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या गावपातळीवरच्या मानसिक आरोग्य उपक्रमानंतर नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

अशा प्रकल्पांचे दुखणे निधी संपल्यावर सुरू होते. शिकवलेले समुपदेशक पांगतात, लॅपटॉप विद्यापीठात परत जातो. म्हणून नोंदींची फाइल आणि प्रशिक्षणाचे साहित्य रुग्णालयाकडेच राहील, आणि निष्कर्ष छापण्याआधी कर्मचाऱ्यांना मराठीत वाचून दाखवले जातील, ही दोन कलमे करारात घालावीत. समन्वयकही पदाने नेमावा, नावाने नको. बदल्या मे-जूनमध्ये होतात आणि नव्या डॉक्टरांना असा काही करार आहे हे कुणी सांगतही नाही.

— सार्वजनिक मानसिक आरोग्य क्षेत्रातील दोन वाचक, पुणे