अनवधान लिहा, अनावधान नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात चूकदुरुस्तीची छोटी चौकट येते, त्यात बऱ्याचदा 'अनावधानाने चुकीचा फोटो छापला गेला' असं वाक्य असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑफिसच्या नोटिशीत, नेत्यांच्या माफीनाम्यात आता हेच दिसतं. शब्द 'अनवधान' आहे हो. अवधान म्हणजे लक्ष, त्याच्या आधी नकाराचा अन् लागला की अनवधान, मधे 'ना' यायचं कारणच नाही. अनावश्यक, अनादर यांच्यात 'ना' येतो कारण मूळ शब्दच आवश्यक, आदर असे 'आ'ने सुरू होतात. अनापेक्षित कोणी लिहीत नाही, सगळे अनपेक्षितच लिहितात, मग इथेच का गडबड होते? मला वाटतं अवधान हा शब्द एकटा कानावर पडतच नाही म्हणून. सावधान सगळ्यांना माहितीय, मंगलाष्टकात, कवायतीत, रस्त्यावरच्या पाटीवर, पण त्यात स अधिक अवधान आहे हे शाळेतसुद्धा फारसं कोणी सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तर माऊली पहिल्याच ओवीत श्रोत्यांकडे अवधान मागतात, एवढा मोलाचा शब्द आहे तो.

स्पेलिंगपेक्षा मला अर्थाची जास्त काळजी वाटते. अनवधान म्हणजे गोष्ट माहीत असते, हेतू वाईट नसतो, फक्त त्या क्षणी मन दुसरीकडे असतं. माहितीच नसेल तर ते अज्ञान, किंवा जरा सभ्यपणे अनभिज्ञता. शत्रू जवळ आहे हे ठाऊक असून निवांत झोपला तो गाफील, 1663 साली लाल महालात शाइस्तेखान गाफील होता, तिथे अनवधान हा शब्द बसणारच नाही. आणि काळजी घेणं हेच ज्याचं काम त्याने ती घेतली नाही तर हलगर्जी किंवा हयगय, पोलिसांच्या फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने वाहन चालवून' असं लिहितात ते अगदी बरोबर आहे.

पण बातम्यांमधे या सगळ्यांच्या जागी अनवधान येऊन बसलंय. मोबाईलवर बोलत गाडी चालवणाऱ्याने कोणाला उडवलं तर तेही अनवधानाने, आणि लिहून आणलेलं भाषण वाचताना एखाद्या समाजाचा अपमान केला की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, अनवधानाने शब्द गेला. अहो, लिहिताना लक्ष होतं, वाचताना लक्ष होतं, मग अनवधान कुठलं? ज्याचं खरंच क्षणभर लक्ष सुटलं त्याच्यासाठी हा शब्द आहे, त्याला थोडी क्षमा मिळावी म्हणून, तो असा वाटेल त्याला वाटत सुटलं की खऱ्या चुकलेल्या माणसावरही कोणी विश्वास ठेवणार नाही याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच, चौकटीत 'अनवधानाने' असं नीट छापा, आणि नेत्यांचा खुलासा देताना तो शब्द अवतरणचिन्हात त्यांच्याच तोंडी ठेवा, बातमीच्या हेडिंगमधे पेपरचा स्वतःचा शब्द म्हणून देऊ नका.

आपला,
एक नियमित वाचक