बाळंतिणीचा भिजलेला ब्लाउज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की स्तनपान सप्ताहानिमित्त लेख छापून येतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्या, सहा महिने वरचे पाणीसुद्धा देऊ नका, पुढे दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही पाजत राहा, हे सगळे बरोबर आहे आणि दरवर्षी छापायलाच हवे. पण पाजणाऱ्या बाईचा ब्लाउज दिवसातून चार वेळा भिजतो, त्याचे काय करायचे, हे त्यात मला कधी वाचायला मिळाले नाही. मी इचलकरंजीत बायकांचे कपडे शिवते. बाळंतिणी माझ्याकडे ब्लाउज सैल करून घ्यायला येतात, आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारतात, "काकू, पुढनं भिजतंय बघा, काहीतरी बसवून द्या की आतनं." डॉक्टरांना विचारायला त्यांना संकोच वाटतो आणि सासूला विचारायची सोय नसते. म्हणून ब्लाउजच्या आत दूध टिपायला ठेवायच्या पॅडबद्दल हे पत्र.

आधी त्यांच्या मनातली भीती. दूध असे वाहून गेले तर बाळाला पुरेल का, असे जवळजवळ प्रत्येकीला वाटते. पुरते. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने दूध झरणे, शेजारचे बाळ रडले तरी पान्हा फुटणे, पाजायची वेळ टळली की छाती दाटून गळायला लागणे, हे ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाचे काम आहे. ते दूध बाहेर ढकलते. दूध तयार करणारे संप्रेरक वेगळे, आणि बाळ जितके पिते तितके दूध बनत राहते. पहिले दीड-दोन महिने गळणे जास्त असते, मग बाळाच्या भुकेचा आणि दुधाचा मेळ बसतो आणि ते बहुतेकींचे कमी होते. उलट काहींचे दूध कधीच गळत नाही. त्यावरून "हिला पान्हाच नाही" म्हणून पावडरच्या दुधाचा डबा सुरू करायला लावणाऱ्या घरांबद्दल मला फार राग आहे. बाळ दिवसाला सहा-सात वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर कपडे कोरडे राहिले म्हणून काही बिघडत नाही.

आता पॅड. औषधांच्या दुकानात वापरून टाकायचे पॅड मिळतात. पातळ, गोल, मागे चिकटपट्टी, आत पाणी धरून ठेवणारी पावडर आणि बाहेरून प्लॅस्टिकचा पापुद्रा. प्रवासाला, लग्नकार्याला, दवाखान्यातल्या पहिल्या चार दिवसांना ते सोयीचे आहेत, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण एकाला आठ-दहा रुपये धरले आणि दिवसाला सहा लागले, तर महिन्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत गारमेंटमध्ये काज-बटण करणाऱ्या आहेत, मागावर कांड्या भरणाऱ्या आहेत. महागाचा पॅड आणला की तो पुरवून पुरवून वापरायचा मोह होतो. सकाळी लावलेला संध्याकाळपर्यंत. वरून कोरडा दिसतो, आत ओल आणि उष्णता कोंडलेली असते. कातडी पांढरी पडून मऊ होते, बोंडाला चिरा पडतात आणि बुरशीला आयती जागा मिळते. पाजताना आणि पाजून झाल्यावरही आग होत असेल, बोंड गुलाबी चकचकीत दिसत असेल, बाळाच्या तोंडात पुसूनही न जाणारे पांढरे चट्टे असतील, तर दोघांनाही डॉक्टरांना दाखवावे लागते. एकट्या आईचा किंवा एकट्या बाळाचा इलाज करून भागत नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे: रोजच्या वापराला सुती, धुवायचे पॅड घ्या किंवा शिवून घ्या, आणि ओले झाले की लगेच बदला. कोणत्या कंपनीचा पॅड यापेक्षा तो किती वेळ अंगावर राहिला, याला जास्त महत्त्व आहे.

कापडाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच फसगत होते. मागावर चढण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला सायझिंगमध्ये खळ देतात, हे आमच्या यंत्रमागांच्या गावात पोराटोरांना माहीत आहे. ती खळ आणि कापसातले मूळचे मेण निघाल्याशिवाय नवे कोरे कापड पाणी नीट पीत नाही. नव्या कोऱ्या सुती कापडावर चमचाभर पाणी ओतून बघा, थेंब वरच्या वर पळतो. तेच कापड दोन-तीनदा गरम पाण्यातून काढले की थेंब पडता पडता आत जिरतो. दुकानातून आणलेले कापडी पॅडसुद्धा पहिल्यांदा न धुता वापरले की बाई म्हणते, "सुती असून गळतंयच." दोष कापडाचा नसतो. आजोबांचे जुने धोतर, विरलेली सुती साडी, मऊ पडलेली चादर यांची खळ वर्षानुवर्षांच्या धुण्याने कधीच निघून गेलेली असते. आतल्या थराला त्यासारखे दुसरे काही नाही.

कापड खरेच सुती आहे का, याची शंका असेल तर कडेचा एक दोरा काढून काडीने पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने सहज चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी बनतो. 'मायक्रोफायबर' लिहिलेले मऊ लुसलुशीत पॅड याच जातीचे. ते दूध भराभर घेतात, पण बाळाला छातीशी धरले, बॅगेचा पट्टा आवळला की दाबाने परत सोडतात. शिवाय ते थेट कातडीला लागले की ती कोरडी खरखरीत होते. 'बांबू' म्हणून जे मिळतात ते बहुधा व्हिस्कोस असते. ते मऊ असते आणि दूधही चांगले शोषते. वाळायला मात्र वेळ घेते.

शिवायचे असेल तर साडेचार ते पाच इंच व्यासाचे गोल कापा. अंगाकडे धोतराचा किंवा फ्लॅनेलचा मऊ थर, मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर, बाहेर घट्ट विणीचे पॉपलिन. फार गळत असेल तर टॉवेलचा आणखी एक थर. सपाट गोल छातीवर नीट बसत नाही, कडा उचलल्या जातात आणि ब्लाउजवरून गोल वळ दिसतो. म्हणून टॉवेलच्या आणि बाहेरच्या थराला कडेपासून मध्याकडे एक छोटा टक घ्यायचा, की वाटीचा आकार येतो. अंगाकडच्या थराला टक घेऊ नका. तिथे टोक नेमके बोंडावर येते आणि दुखऱ्या जागी शिवण घासते. त्या थराला कडेने हलक्या चुण्या देऊन भागते. कडा आत दुमडू नका, जाड होतात. ओव्हरलॉक करून घ्या. आठ-दहा जोड असले की रोजचे धुणे आणि वाळवणे निभते.

धुताना आधी गार पाण्यातून दूध काढून टाका. एकदम गरम पाणी ओतले तर दुधातले प्रथिन धाग्यात बसते आणि वास राहतो. मग गरम पाणी आणि साबण. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नका, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी प्यायचे बंद होते. चिरांना तूप किंवा खोबरेल लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, त्यानेही पॅड तेलकट होऊन निकामी होतात. अशा वेळी जुनी फडकी वेगळी ठेवावीत. पॅड चिरेला चिकटला असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून मग काढा. आणि वाळवायचे ते उन्हात. घरातल्या पुरुषांना दिसू नये म्हणून परकराखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात दडपून वाळवलेले ओलसर पॅड मी पाहिले आहेत. त्यांना कुबट वास येतो आणि तेच पुन्हा अंगाला लागतात. बाळाची लंगोटी दोरीवर चालते, तर आईचे पॅड का चालू नयेत? पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली वाळवून वर गरम इस्त्री फिरवावी.

पाण्याचा प्रश्न मला कोणीतरी विचारेलच. आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण दिवसभराचे पॅड लहान पातेल्यात मावतात. उलट टाकायचे पॅड कुठे जातात, तेही बघावे. माझी मुलगी पुण्यात असते. तिथे कचरा वेचणाऱ्या ताई सांगतात की असे पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, म्हणजे वर्गीकरण करताना हात त्यात जाणार नाही. घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळून द्यायला सांगितले आहे. ज्यांना वापरून टाकायचे पॅड वापरावे लागतात त्यांनी एवढे जरूर करावे. संडासात टाकू नयेत, चुलीत जाळू नयेत.

ब्लाउजबद्दल दोन शब्द. बाळंतिणीने फिट ब्लाउज घालू नये. पॅड आत घातल्यावर तो आणखी आवळतो, दूध अडते आणि गाठ होते. मी बाजूच्या शिवणीत दीड इंच माया ठेवते, म्हणजे आता सैल करता येतो आणि नंतर पुन्हा आवळता येतो. छातीवर लाल चट्टा, दुखणे आणि थंडी वाजून ताप आला तर पाजणे थांबवू नका आणि घरगुती शेकावर दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कामावर जायला बारीक फुलांचे छापील कापड निवडा. एकरंगी, त्यातही फिक्या टेरिकॉटवर ओल लांबून दिसते. चारचौघांत अचानक पान्हा आलाच तर हाताची घडी घालून तळव्याने छाती क्षणभर दाबून धरली की थांबतो. पहिल्या काही आठवड्यांत मात्र हे वारंवार करू नये.

हे सगळे सांगूनही एक अडचण उरते, ती कोणत्याही शिंपिणीला सोडवता येत नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद आली. पण माझ्या गिऱ्हाइकांतल्या कितीतरी जणी पाच-सात यंत्रांच्या शेडमध्ये पीसवर काम करतात. सव्वा महिना झाला की त्या यंत्रावर बसतात, कारण नग नाही तर पैसे नाहीत. त्यातली एक मला म्हणाली, "पॅड दिलासा काकू, पण बदलू कुठं? संडासाला कडी नाही." तिने ओला पॅड दुपारच्या सुट्टीपर्यंत तसाच ठेवला आणि आठवड्यात बोंडाला जखम घेऊन आली. बाळ सहा आठवड्यांचे होते.

एसटी स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतात, तशी मोठी सोय छोट्या शेडच्या मालकांकडे कोणी मागत नाही. कोपऱ्यात दोरीवर एक पडदा, बसायला स्टूल, हात धुवायला बादली-तांब्या आणि झाकणाचा डबा एवढे पुरते. हजार रुपयांत होते. आमच्या भागातल्या गारमेंट मालकांनी हे करावे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि आशाताईंनी बाळंतिणीला घरी पाठवताना पॅडबद्दल, ते कसे आणि कधी बदलायचे याबद्दल स्वतःहून बोलावे, तिने विचारायची वाट बघू नये. आणि आपण पुढच्या सप्ताहाच्या पुरवणीत वर दिलेली मापे कागदी नमुन्यासह छापलीत, तर ज्यांच्या घरी यंत्र आहे त्या स्वतः शिवतील. नमुना काढून द्यायला मी तयार आहे.

कळावे,
आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, इचलकरंजी