लीव्हर रायफलीचा वेग आणि नेम

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील हरणांच्या शिकारीवर आलेल्या लेखात लीव्हर-ॲक्शन रायफलीचा, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून पुढचे काडतूस भरणाऱ्या रायफलीचा, गोळ्या झाडण्याचा वेग आणि तिची अचूकता यांची गल्लत झाली आहे. शिकारीचा शौक आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच झाला. निफाड-सिन्नरकडे रानडुकरांनी उभे पीक लोळवले तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय शेतकऱ्याला गोळी झाडता येत नाही. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेली नाशिकची काही मुले तेथे रीतसर परवाना काढून शिकारीला जातात आणि सैन्यात शस्त्रदुरुस्तीचे काम केलेल्या माझ्यासारख्याला ‘कोणती घेऊ?’ असे विचारतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेली विंचेस्टर १८९४ गाजली ती हलकी, सडपातळ आणि झटपट चालणारी म्हणून. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी ती बनलेलीच नव्हती. तिच्या बॅरलखालची मॅगझिनची (काडतुसे साठवण्याची) नळी कड्यांनी बॅरललाच जखडलेली असते आणि दस्ताही दोन तुकड्यांत असतो, त्यामुळे बॅरल तापले की गोळीचा मारा सरकू लागतो. तरीही चांगली लीव्हर रायफल १०० यार्डांवर दोन-तीन इंचांच्या आत गोळ्या बसवते, आणि हरणाचे मर्मस्थान साधारण आठ इंचांचे असल्याने दाट रानात, दीडशे यार्डांच्या आत, एवढे पुरते. शिकारीचा निकाल बहुधा पहिल्याच गोळीने लागतो. म्हणून थंड बॅरलमधून सुटलेली पहिली गोळी दर वेळी कोठे लागते, हे पारखावे.

नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक राहतात. साध्या टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर टेकून धक्क्याने ते आतच उडण्याचा धोका असल्याने चपट्या तोंडाची गोळी वापरतात, आणि तिचा वेग हवेत लवकर मंदावतो. लांबचा पल्ला हवा असणाऱ्याने पेटीसारख्या मॅगझिनची ब्राउनिंग बीएलआर किंवा फिरत्या मॅगझिनची जुनी सॅव्हेज ९९ पाहावी. दुर्बीण लावायची असेल, आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ती लागतेच, तर जुनी विंचेस्टर ९४ (म्हणजे वरचीच १८९४) गैरसोयीची, कारण तिचे रिकामे काडतूस वरच्या बाजूने, दुर्बीण बसते तेथूनच उडते. मार्लिन ३३६ या दुसऱ्या लीव्हर रायफलीचे बाजूने पडते.

जुनी रायफल घेताना मात्र बॅरलचे तोंड भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. विंचेस्टर ९४ साफ करताना गज (बॅरल पुसण्याची सळई) सहसा तोंडाकडूनच घालावा लागतो, आणि वर्षानुवर्षे तो घासला गेल्याने तोंडाजवळच्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या, कडा झिजतात. मग वरून लखलखीत दिसणारी रायफलही गोळ्या विखरून मारते. मार्लिनचा एक स्क्रू काढला की लीव्हर आणि बोल्ट (बॅरलचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) बाहेर येतात व गज मागून घालता येतो. जुन्या मालात मी तरी याच कारणासाठी मार्लिन सुचवीन. झिजलेले तोंड चांगला कारागीर नव्याने कापून देतो, पण तो खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा.

– एक निवृत्त आर्मरर, देवळाली कॅम्प, नाशिक